सोमवारी सकाळी उतरणारी बॅटरी

गाडी सहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, चावी साधी रिमोटची. मालकांची तक्रार एका ओळीत मावणारी होती: सोमवारी सकाळी सेल्फ लागत नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, बॉनेटखालून कट-कट-कट असा आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला की एका झटक्यात चालू होते, आणि मग शुक्रवारपर्यंत गाडीबद्दल बोलायला जागा उरत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण बिघडलेला भाग किरकोळ निघाला आणि तिथवर पोचायच्या आधी दोन मोठे भाग बदलून झाले होते. गाडी वापरणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. आणि यातल्या निम्म्या तपासण्या घरी करता येतात, एक साधा मल्टीमीटर हाताशी असला तर.

गाडी माझ्याकडे येईपर्यंत

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा बॅटरी साडेतीन वर्षांची होती. गॅरेजमध्ये वय विचारलं आणि बॅटरी बदलली. निर्णय अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, त्या वयाची बॅटरी दम तोडू शकते. पण ती मोजली कुणीच नाही. नव्या बॅटरीवर काही सोमवार सुखाचे गेले आणि मग पुन्हा तेच.

दुसऱ्या गॅरेजमध्ये जंप देऊन गाडी चालू केली आणि लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला. आकडा आला १३.१ व्होल्ट. 'चार्जिंग कमी आहे' असं सांगून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बदलला गेला. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा गैरसमज फार ठिकाणी दिसतो. पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, चांगल्या अल्टरनेटरचाही व्होल्टेज खाली बसतो. चार्जिंग तपासायचं तर बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्यायची आणि मग मोजायचं. रिकाम्या बॅटरीवर घेतलेला आकडा अल्टरनेटरबद्दल काहीही सिद्ध करत नाही.

अल्टरनेटर बदलल्यावरही दोन-तीन आठवडे बरे गेले. मग परत सोमवार. तेव्हा मालकांना कुणीतरी सल्ला दिला: शनिवारी रात्री बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा. त्यांनी तसं केलं, आणि टर्मिनल काढलेल्या प्रत्येक आठवड्यात सोमवारी गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. ते हा तात्पुरता इलाज समजत होते. माझ्या दृष्टीने त्यांनी सगळ्यांत महत्त्वाची चाचणी नकळत उरकली होती.

शक्यता तीनच

बॅटरी उतरते म्हणजे तिघांपैकी काहीतरी झालेलं असतं. एक, बॅटरीला चार्ज धरून ठेवता येत नाही. दोन, गाडी चालताना अल्टरनेटर तिला भरत नाही. तीन, गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. टर्मिनल काढून ठेवल्यावर बॅटरी दीड दिवसानेही ताजी राहत असेल तर पहिली शक्यता जवळपास निकालात निघते. त्याच बॅटरीने आठवडाभर रोज गाडी चालू होत असेल तर दुसरीही कमजोर पडते. उरते तिसरी. या चाचणीला फक्त दहा नंबरचा पाना लागतो, तोही बहुतेक गाड्यांत. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि बसवताना ते शेवटी बसवायचं. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी बाजूला ठेवावं.

तरीही मी पहिल्या दोन शक्यता मोजून बंद केल्या. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मोजली: १२.६ व्होल्ट. विश्रांती घेतलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीत १२.६ किंवा थोडं वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. गाडी बंद केल्याबरोबर घेतलेला आकडा मात्र फसवतो, तो काही तास वरच राहतो. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.४ पर्यंत उतरला. ९.६ च्या खाली जात नसेल तर बॅटरीत जोर आहे असं धरायला हरकत नाही.

इंजिन चालू करून मोजलं तर १४.२ व्होल्ट. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून इंजिन दोन हजार आरपीएमवर धरलं, तरी १३.९. साध्या अल्टरनेटरला १३.८ ते १४.५ हा पट्टा ठीक समजतात. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवरच रिपलही (चार्जिंगच्या व्होल्टेजमधली एसीची लहर) पाहिला, तो नगण्य होता. हे बघायचं कारण असं की अल्टरनेटरच्या आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब झाला तर गाडी बंद असताना त्याच्यातूनच करंट उलटा गळतो. अल्टरनेटर दिवसा नीट भरतो आणि रात्री स्वतःच खातो, असंही होऊ शकतं. इथे तसं नव्हतं.

अर्थची तारही (बॅटरीचा निगेटिव्ह पोल इंजिन आणि बॉडीला जोडणारी) तपासली: सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह पोल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक. तारा, टर्मिनल, सगळं चोख. अल्टरनेटर बदलूनही तक्रार तशीच राहिली होती, म्हणजे जुना चांगला असताना काढला गेला, असंच मानायला हवं. पहिल्या बॅटरीबद्दल आता कुणीच काही सांगू शकत नाही, ती मोडीत गेली.

पहिलं मोजमाप, आणि काहीच सापडलं नाही

गाडी बंद असताना करंट कोण खातंय हे शोधायला मीटर अँपिअरवर घेऊन बॅटरीच्या निगेटिव्ह वाटेत जोडतात. जोडायची पद्धत महत्त्वाची आहे. नुसतं टर्मिनल काढून मग मीटर लावला तर मधल्या क्षणी गाडीचा सगळा पुरवठा तुटतो, आतले कंट्रोलर नव्याने चालू होतात आणि जो दोष कधी येतो, कधी जातो, तो तेवढ्यात पुसला जाऊ शकतो. म्हणून मीटरची एक पिन निगेटिव्ह पोलला, दुसरी टर्मिनलच्या क्लॅम्पला आधी लावायची आणि मग क्लॅम्प हळूच वर उचलायचा. पुरवठा एका क्षणासाठीही तुटत नाही. मीटरचा १० अँपिअरचा सॉकेट वापरायचा, आणि मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, मीटरचा फ्यूज तिथेच जाईल. मिलिअँपिअर नेमके दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर हा खटाटोप लागत नाही, तारेभोवती अडकवला की झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबायचं. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ गाडीत बसवला, तेव्हा उभ्या गाडीत बॅटरीला फारसं काही कामच नव्हतं. आज गाडी बंद केली तरी लॉक, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, म्युझिक सिस्टिमची मेमरी हे थोडं थोडं चालूच असतं. त्या सगळ्यावर देखरेख ठेवणारा बॉडी कंट्रोलर किल्ली काढल्यावर काही वेळ जागा राहतो, मग एकेकाला झोपवतो आणि शेवटी स्वतः झोपतो. याला वीस ते चाळीस मिनिटं लागतात, काही गाड्यांत त्याहून जास्त. पहिल्या पाच मिनिटांत अर्धा-एक अँपिअर दिसला म्हणून 'लीकेज सापडलं' असं ओरडायचं नाही.

बॉनेट आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून काम करायचं होतं, म्हणून दोन्हींचं लॅच (दार लावल्यावर अडकवून धरणारी कडी) स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत सरकवून ठेवलं. गाडीला वाटतं सगळं बंद आहे. (काम झाल्यावर हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका. तसंच दार आपटलं तर लॅच वाकतं.) चावी लांब नेऊन ठेवली. बटण-स्टार्टच्या गाडीत हे फारच गरजेचं असतं, चावी जवळ असली की गाडी पुन्हा पुन्हा जागी होते.

पाऊण तासाने मीटर स्थिरावला: २८ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२८ अँपिअर. ५० च्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही. २८ मिलिअँपिअर दिवसाला ०.७ अँपिअर-तासांपेक्षाही कमी खातात, या दराने भरलेली बॅटरी अर्ध्यावर यायला तीन आठवड्यांहून जास्त लागतील.

इथे पुष्कळ लोक हात टेकतात आणि 'गाडीत काही नाही, बॅटरीच निकृष्ट' असं सांगून मोकळे होतात. पण या मोजमापाचा अर्थ मर्यादित आहे. मी मोजत होतो त्या वेळी गाडी करंट खात नव्हती, इतकंच. सोमवारची बॅटरी ज्या अवस्थेतल्या गाडीने उतरवली, ती अवस्था माझ्यासमोर नव्हती. गॅरेजमध्ये तीन दिवस गाडी उभी राहिली आणि तिन्ही दिवस नीट चालू झाली. म्हणजे 'दोन दिवस उभी राहिल्याने उतरते' हेही खरं नव्हतं. शनिवार-रविवारात घरी असं काय होतं जे गॅरेजमध्ये होत नाही?

मालकांची वही

मी गाडी परत दिली आणि मालकांना एक काम सांगितलं. गाडी रोज कुठे उभी केली, शेवटी कोण उतरलं, कुठलं दार उघडलं, काय काय लावलेलं होतं आणि सकाळी सेल्फ कसा लागला, एवढं लिहून ठेवा. त्यांनी ते फार मनापासून केलं. शिवाय रोज सकाळी किल्ली लावायच्या आधी बॅटरीचा व्होल्टेजही मोजून लिहिला. अशा प्रकरणात मालक जे पाहतो ते मेकॅनिकला कधीच दिसत नाही, आणि आपण मालकाला विचारतही नाही.

वहीत तीन गोष्टी ठळक होत्या. सोमवारी गाडी उतरली त्या प्रत्येक आठवड्यात शनिवारी संध्याकाळी मुलं गाडीतून आली होती आणि रविवारी गाडी बाहेर निघाली नव्हती. मुलं गावाला गेली तो आठवडा कोरडा होता, म्हणजे बॅटरी उतरली नव्हती. याचमुळे बॅटरी आणि अल्टरनेटर बदलल्यानंतर काही सोमवार बरे गेले होते, तेव्हा मुलांची सुट्टी होती. दुसरं, एका बुधवारी मालकांनी ऑफिसची बॅग मागच्या सीटवरून काढली होती आणि गुरुवारी सकाळी 'सेल्फ जरा जड' अशी नोंद होती, व्होल्टेज १२.३. इतर दिवशी तो १२.५ च्या वर होता.

तिसरी नोंद त्यांनी जाता जाता लिहिली होती, आणि तीच सगळ्यांत मोलाची ठरली. 'रिमोटने लॉक केल्यावर कधी कधी इंडिकेटर लुकलुकत नाहीत. दारं लॉक होतात. रिमोटचा सेल बदलला, फरक नाही.'

या गाडीत लॉकचं बटण दाबल्यावर इंडिकेटर तेव्हाच लुकलुकतात, जेव्हा कंट्रोलरला चारही दारं आणि डिकी बंद दिसतात. एखादं दार उघडं वाटलं तर लॉकची मोटर फिरते, पण इंडिकेटर गप्प राहतात आणि अलार्मही चालू होत नाही. गाडी मालकांना दर शनिवारी सांगत होती की दार उघडं आहे. दार तर नीट बंद होतं, म्हणून दोष रिमोटवर गेला.

'केबिन लाइट चालू राहत नाही का?' मी विचारलं.

'लाइट मी कायमचा बंदच ठेवलाय. मुलं बटणाशी खेळतात, एकदा रात्रभर चालू राहिला होता.'

केबिन लाइटच्या बटणाला बहुधा तीन स्थिती असतात: कायम चालू, कायम बंद आणि मधली, दारासोबत लागणारी. ते बटण मधल्या स्थितीत असतं तर पहिल्याच शनिवारी दार लावल्यावरही लाइट जात नाही हे दिसलं असतं. काटकसरीच्या चांगल्या हेतूने एक दर्शक बंद झाला होता. तुमच्या गाडीतलं बटण एकदा पाहून घ्या.

दोष समोर आणणं

गाडी पुन्हा आणवली. या वेळी मीटर लावण्याआधी शनिवारची संध्याकाळ जशीच्या तशी केली: गाडी वीस मिनिटं चालवून आणली, किल्ली काढली, सगळ्यांत शेवटी मागचं डावं दार उघडून लावलं आणि रिमोटने लॉक केलं. पहिल्या खेपेला इंडिकेटर लुकलुकले. पुन्हा तेच, पुन्हा लुकलुकले. बऱ्याच खेपांनंतर एकदा ते गप्प राहिले. मग दाराला कुणी हात लावायचा नाही असं बजावून मीटर जोडला.

पाऊण तास झाला, आकडा ०.७ अँपिअर. दीड तास झाला, तरी ०.७. काही गाड्यांत दार खरंच उघडं राहिलं तरी कंट्रोलर ठराविक वेळेनंतर झोपतो. या गाडीत मात्र नुसते दिवे विझत होते, कंट्रोलर दार बंद होण्याची वाट पाहत जागाच राहत होता.

आता फ्यूज. एकेक फ्यूज उपटून मीटर पाहायचा ही जुनी पद्धत अजूनही चालते, पण अशा गाडीत ती घोटाळा करते. फ्यूज काढून परत बसवला की त्याच्यावरचा कंट्रोलर नव्याने जागा होतो, आकडे उड्या मारतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मीटर लावायचा, मिलिव्होल्टवर. फ्यूजमधून करंट जात असेल तर तिथे सूक्ष्म व्होल्टेज दिसतो, नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या छोट्या पातीच्या फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलिओहम असतो, त्यामुळे ३ मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून ०.४ अँपिअर जातोय असं धरता येतं.

बॉडी कंट्रोलरच्या फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट मिळाले. मीटर-कन्सोलच्या फ्यूजवर थोडे, म्युझिक सिस्टिमवर थोडे, आणखी एका ठिकाणी किंचित. कुठेच एकटा गुन्हेगार नाही! हे दिसलं की फ्यूजवर शोधणं थांबवायचं, असा माझा अनुभव आहे. एखादा दिवा किंवा चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) करंट खात असेल तर बहुतेकदा एकाच फ्यूजवर सगळा आकडा दिसतो. थोडा थोडा करंट चार ठिकाणी दिसला तर त्या चारही गोष्टी ठीक असतात, कुणीतरी त्यांना झोपू देत नसतं. मालकांनी डॅशकॅमवर संशय घेतला होता, पण तो ज्या सॉकेटवर होता तो किल्ली काढल्यावर मरतो. त्याच्या फ्यूजवर शून्य.

क्लॅम्प पोलवर परत बसवला, मग मीटरच्या पिना काढल्या, आणि किल्ली फक्त ऑनवर फिरवली. डॅशबोर्डवर लाल रंगात दार उघडं असल्याची खूण! चारही दारं घट्ट लागलेली. स्कॅनर (गाडीच्या कंट्रोलरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून दारांची स्थिती पाहिली: मागचं डावं, 'उघडं'. दारावर बाहेरून तळहाताने एक थाप मारली आणि ते 'बंद' झालं.

ही खूण मालकांना आधी का दिसली नाही? मुलं गाडी बंद झाल्यावर उतरत, दार किल्ली काढल्यानंतर लागे, तेव्हा कन्सोलवर काहीच नसे. सोमवारी बॅटरी उतरलेली. जंप देऊन गाडी चालू झाली की सगळेच दिवे एकदम लागलेले असत, त्या गर्दीत एक खूण कोण बघतं? आणि पहिल्या दोन-चार खड्ड्यांत दार हादरून स्विच जागेवर येई.

हिशोब जुळतो का

कारण सापडलं असं वाटलं तरी ते तक्रारीच्या प्रत्येक बाजूला लागू पडतं का हे पाहायला हवं. शनिवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ हे ३६ तास. ०.७ गुणिले ३६ म्हणजे २५.२ अँपिअर-तास. ३५ च्या बॅटरीतून ७२ टक्के गेले. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ही बॅटरी बहुधा काठोकाठ भरतही नव्हती, त्यामुळे सेल्फसाठी जवळपास काही उरत नसे. बुधवारच्या रात्रीचे १२ तास धरले तर ८.४ अँपिअर-तास, म्हणजे पावच बॅटरी. गाडी चालू होते, पण सेल्फ जड. वहीतली गुरुवारची नोंद बरोबर तिथे बसते. मुलं नसलेला आठवडा कोरडा, गॅरेजमधले तीन दिवस कोरडे, कारण माझ्याकडे मागचं दार कुणी उघडलंच नव्हतं. टर्मिनल काढलेले आठवडे कोरडे. एकही नोंद उरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते असा समज आहे, पण दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-तासही होत नाहीत. निरोगी इंजिन एका झटक्यात चालू होत असेल तर ते नुकसान काही मिनिटांत भरून निघतं. रात्रभर शांतपणे वाहणारा अर्धा-पाऊण अँपिअर त्याच्या कितीतरी पट खातो.

लॅच

दाराच्या आतलं पॅनेल उतरवून लॅच बाहेर काढलं. दार उघडं की बंद हे सांगणारा छोटा स्विच लॅचच्या आतच असतो. जुनं ग्रीस धुळीने घट्ट होऊन काळा थर झाला होता, त्यामुळे फिरणारी पाती शेवटचा एखादा मिलिमीटर पुढे जात नव्हती. दाराला धरून ठेवायला तेवढं पुरतं, स्विच दाबायला पुरत नाही. मालकांनी मधल्या काळात दार कुरकुरतं म्हणून जाम सोडवायचा स्प्रे दोनदा मारला होता. त्याने आवाज गेला. पण असला पातळ स्प्रे असलेलं ग्रीस धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि मागे धूळ धरणारा चिकटपणा राहतो. लॅचला आधी क्लीनरने साफ करून मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावावं.

साफ केल्यावर पाती मोकळी झाली, पण स्विचचा संपर्क खराबच होता. हाताने दाबून मोजलं तर रोध कधी जवळजवळ शून्य, कधी अनंत. या लॅचमधला स्विच सुटा मिळत नाही, म्हणून लॅच पूर्ण बदललं. तुमच्या गाडीत निदान होईपर्यंत गाडी वापरायचीच असेल तर दार लावल्यावर इंडिकेटर लुकलुकेपर्यंत जागेवरून हलू नका, एवढं पुरतं.

नवं लॅच बसवून तेच दार पुन्हा पुन्हा उघडलं-लावलं, स्कॅनरवर दर वेळी 'उघडं' आणि 'बंद' नीट येताना पाहिलं. मग मीटर: पाऊण तासाने २७ मिलिअँपिअर. उरलेल्या तीन दारांचं आणि डिकीचं लॅचही तसंच तपासून ग्रीस केलं, ती ठीक होती. केबिन लाइटचं बटण मधल्या स्थितीत आणून ठेवलं. खरी परीक्षा घरीच होती. मालकांनी शनिवारी मुलांना आणलं, रविवारी गाडी हलवली नाही, आणि सोमवारी सकाळी १२.५८ व्होल्ट लिहून पाठवले. त्यानंतरचे सोमवारही तसेच.

बॅटरीचं थोडं नुकसान मात्र झालंच आहे. लेड-अॅसिड बॅटरी खोलवर उतरली आणि तशीच राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची घटते. ही नवी बॅटरी तीन-चारदा तळाला गेली होती. अशी बॅटरी जंप देऊन थेट अल्टरनेटरवर भरायला लावू नये, अल्टरनेटर तापतो आणि अर्ध्या तासाच्या फेरीत ती भरतही नाही. मी ती चार्जरवर ३.५ अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, सावकाश पूर्ण भरली आणि लोड टेस्ट घेतली, म्हणजे मोठा भार टाकून व्होल्टेज टिकतो का ते पाहिलं. पास झाली, पण नव्या बॅटरीइतकी जोरात नाही. मालकांना सांगितलंय की थंडी सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा लोड टेस्ट करून घ्या आणि तोवर जंप केबल डिकीतच असू द्या.